लालवानी साहेबांनी खोडलेला शेरा

बातमी मला बँकेतच कळली. शिष्यवृत्तीच्या खात्याचं पासबुक भरून घ्यायला मी बदलापूरच्या शाखेत गेले होते. काउंटरपाशी उभी असताना तिथले शिपाई सदूमामा जवळ आले आणि म्हणाले, "तुला कोणी सांगितलंच नसेल ना गं... लालवानी साहेब गेले. आज पंधरा दिवस झाले." अंबरनाथच्या शाखेचा जिना चढताना छातीत कळ आली, पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्यांच्या घरी बाराव्याचे विधीसुद्धा होऊन गेले होते. आमच्या वाडीवर फोन नाही, पोस्टमन खालच्या गावातल्या शाळेपर्यंतच येतो. आम्हाला कोण कळवणार आणि कसं... मागच्या बाई "सरका ना पुढे" म्हणाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की कारकून माझं पासबुक हातात धरून केव्हाचे माझ्याकडे बघताहेत.

मी याआधी पेपरात कधी लिहिलेलं नाही. आमच्या घरात शाळा पूर्ण केलेली मीच पहिली, त्यामुळे असं काही लिहायचं कसं हे विचारायलाही घरात कोणी नाही. 'थोर', 'दीनांचे कैवारी' असे शब्द सुचतात, पण साहेबांनी ते चालवून घेतले नसते. "थोर म्हणजे काय, बाबा? काम काय केलं ते लिही ना," असं म्हणाले असते. म्हणून त्यांनी काय केलं तेवढंच लिहिते. त्यांनी केलेली चूकही लिहिते, कारण ती लपवलेली त्यांना सर्वांत जास्त खटकली असती.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वीटभट्टीवर. तेव्हा मी तिसरीत होते, म्हणजे शाळेच्या पटावर तिसरीत होते. आमच्या वाडीचा क्रम ठरलेला होता. भात कापून, झोडून झालं आणि दिवाळी आटपली की भांडी, घोंगड्या, कोंबड्या घेऊन सगळी घरं भट्टीवर जायची. झोपडीच्या दाराला काट्यांची फांदी लावायची, की झालं कुलूप. पावसाच्या तोंडाला परत. भट्टीचा मालक गणपतीनंतर उचल द्यायचा, म्हणजे आगाऊ पैसे, आणि ती एकदा हातात घेतली की त्या हंगामात जावंच लागायचं. मुलं अर्थातच बरोबर जायची. मी कच्च्या विटा वाळण्यासाठी पलटायचं काम करायची, आणि ते काम मला चांगलं यायचं हेही खरं.

त्या दिवशी साहेब बँकेतर्फे भट्टीच्या मालकाच्या कर्जाची पाहणी करायला आले होते. किती विटा रचल्यात, किती मजूर आहेत, हे बघून लिहून न्यायचं. बुटके, जाड चष्म्याचे, पॅन्टला विटांची लाल धूळ लागलेली. आमचे बाबा चिखल तुडवत होते. साहेबांनी विचारलं, "नाव?"

"गोमा."

"पूरा नाव बोल, बाबा."

"गोमा चांगो मेंगाळ." मग बाबांनी वाडीचं नावही सांगितलं.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "गोमा चांगो मेंगाळ तर नाही आहे," ते म्हणाले.

"कोन नाय?"

"मी लिहिलंय ना! पंपासाठी अर्ज होता तुमचा सहा जणांचा. मागच्या वर्षी जानेवारीत मी गेलो होतो वाडीवर, जीप घेऊन. सहाच्या सहा घरं बंद. मी लिहिलं, घर बंद, अर्जदार इथे राहत नाही."

बाबा चिखलाचे हात तसेच पुढे धरून उभे राहिले. "मंग मी कोन हाय, साहेब?"

बायजाकाकू शेजारी साच्यात चिखल भरत होती. ती म्हणाली, "भूत हाय तुजं, गोमा! शेठला कळलं तर पगार नाय देयाचा, पळ लवकर!" सगळ्या बायका हसायला लागल्या. मुकादमही हसला. एक साहेब तेवढे हसले नाहीत. ते तिथेच विटांच्या थरावर बसले आणि म्हणाले, "पण एक तरी माणूस घरी कसा नाही?"

"दिवाळी झाली की आमी निगतो, पाऊस आला की घरी. समद्यांना ठावं हाय."

"सबको मालूम," साहेब हळूच म्हणाले. "बँकेला नाही मालूम."

मग त्यांनी उरलेल्या पाच जणांना एकेक करून बोलावलं. नाव, बापाचं नाव, वाडीत शिरल्यावर कितवं घर. मुकादम ओरडला, "साहेब, लेबरचा टाइम खोटी होतोय!" साहेबांनी मान वर केली नाही. तो पंप म्हणजे आमच्यासाठी काय होता हे मला तेव्हा कळत नव्हतं. वाडीखालच्या नदीला बाराही महिने पाणी असतं. ते वर शेतात आलं असतं तर भातानंतर भेंडी, काकडी, वांगी करता आली असती आणि दिवाळीनंतर कुठेच जावं लागलं नसतं. त्या एका शेऱ्यामुळे आम्ही ते वर्ष भट्टीवर काढलं आणि मी दुसऱ्यांदा तिसरीत बसले.

पुढे बँकेत काय झालं हे मला खूप वर्षांनी सदूमामांनी सांगितलं. साहेबांनी मॅनेजरना पत्र दिलं की माझा अहवाल चुकीचा आहे, तो रद्द करावा. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने समजावलं, "लालवानी, नवा अहवाल लिहा की. जुना चुकला असं लेखी कशाला देताय? तुमच्याच फायलीत जाऊन बसेल ते." साहेब म्हणाले, "फाइल में जाना चाहिए, साहेब. नाहीतर माझ्यानंतर येणारा माणूस पण जानेवारीतच जाणार आणि हेच लिहिणार." ते पत्र फायलीत गेलं. त्या वर्षी बढतीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं. त्या पत्रामुळेच असं सदूमामा म्हणतात, मला खात्रीने सांगता येणार नाही. साहेबांनी आमच्यापाशी याचा कधी उच्चार केला नाही.

श्रावणात ते वाडीवर आले. बूट नाडीने बांधून गळ्यात अडकवलेले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. लावणी उरकून माणसं घरी होती. एका दुपारात त्यांनी सहाही घरांचे अंगठे घेतले, नदीपर्यंत चालत जाऊन पाणी बघितलं, आणि जाताना म्हणाले, "यंदा उचल घेऊ नका. दसऱ्याच्या आत मंजुरी आणतो."

आईने चुलीपासून विचारलं, "आणि नाय आली तर?"

"नाही आली तर मी दुसऱ्यांदा चुकलो."

"तुमी चुकाल," आई म्हणाली, "आणि उपाशी आमी राहू."

साहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे, ताई," एवढंच म्हणाले. त्यांनी उलट समजूत घातली असती तर बाबांनी विश्वास ठेवला नसता, असं बाबा अजून सांगतात.

गणपती गेले आणि मुकादम उचल घेऊन आला. बाबांनी नाही म्हटलं. "बँक भाकर घालणार काय तुला? मग बस तिच्या दारात ताटली घेऊन," मुकादम म्हणाला आणि पुढच्या घरी गेला. त्यानंतरचे दिवस घरात कोणी नीट बोलत नव्हतं. आई भांडी आदळायची. मी देवाकडे काय मागावं हेच मला ठरवता यायचं नाही, कारण भट्टीवर माझ्या मैत्रिणी होत्या आणि शाळेत गुरुजी मारायचे. माझी सर्वांत जवळची मैत्रीण हिरी. तिच्या घरी आजारपण होतं. मुकादम दुसऱ्यांदा आला तेव्हा हिरीच्या बाबांनी उचल घेतली, आणि त्यांचं बघून आणखी एका घराने. आमच्या बाबांनी त्या दिवशी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. हे मी दाराआडून पाहिलेलं आहे.

त्यानंतर चार दिवसांनी साहेब आले. मंजुरीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत ठेवलेला होता. तो बाहेर काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कोणी घेतली?" बाबांनी दोन घरं सांगितली. साहेब मटकन ओट्यावर बसले. सही करणारे अधिकारी रजेवर होते, कागद तयार होऊन टेबलावर पडून होता आणि साहेब रोज त्या टेबलापाशी जाऊन परत येत होते. ते उठून हिरीच्या घरी गेले. "परत कर ना उचल," म्हणाले. हिरीचे बाबा म्हणाले, "औषधाला गेली, साहेब." मग साहेब मुकादमाला शोधत खालच्या गावात गेले. स्वतःच्या खिशातून रक्कम द्यायला तयार झाले असं बाबा सांगतात. मुकादम म्हणाला, "पैसा घेऊन मी काय करू? मला माणसं पाहिजेत."

चार घरांना मिळून एक डिझेल इंजिन आलं. दिवाळीनंतर दोन घरांच्या दाराला काट्या लागल्या, चार घरांतून धूर निघत राहिला. हिरी परत शाळेत आली नाही. आज मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हिरी दोन मुलांची आई आहे, भट्टीवर आहे. ती माझ्यापेक्षा हुशार होती. आम्हा दोघींमध्ये फरक पाडला तो त्या चार दिवसांनी... हे मी साहेबांना एकदा बोलून दाखवलं. बोलल्यावर वाटलं, उगाच बोलले. ते म्हणाले, "मला पण हिरीच आठवते. तू नाही आठवत, रागावू नको."

पुढे साहेबांनी एक पुस्तिका काढली, ती या चार दिवसांतून निघाली असं मी समजते. पुस्तिका म्हणजे फार काही नव्हे, स्टेन्सिलवर कापून सायक्लोस्टाइल केलेले पंचवीस-तीस कागद आणि वर पिना. गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या शाखांना उपयोगी पडावी म्हणून त्यांनी ती सुट्टीच्या दिवशी फिरून, माणसांशी बोलून तयार केली. कोणत्या वाडीतली माणसं कोणत्या महिन्यात घरी असतात. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या कारखान्यांची शटरं सकाळी बंद असली तरी आत माणूस झोपलेला असतो, कारण ऑर्डर असली की काम पहाटेपर्यंत चालतं. तेव्हा 'धंदा बंद' असं लिहू नये, दुपारी जाऊन बघावं. मोरिवलीच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला अकरा वाजता शाखेत बोलावलं तर त्याचा खाडा होतो, त्याला पाळी सुटताना गाठावं. ज्यांच्याकडे घरपट्टीची पावती नाही त्यांच्या राहण्याची खात्री शेजारच्या कोणत्या चार माणसांकडून करावी. आणि एक वाक्य त्यांनी चौकटीत लिहिलं होतं : 'उचल वाटली जाण्यापूर्वी मंजुरी कळवा. नंतर कळवली तर ती कळवलीच नाही असे समजा.'

सुरुवातीला तिची थट्टाच झाली. "लालवानींचं पंचांग" म्हणायचे तिला. एका शाखेत ती चहाच्या ग्लासाखाली ठेवलेली साहेबांनी स्वतः बघितली. त्यांनी ग्लास उचलला, कागद शर्टाला पुसला आणि तिथल्या अधिकाऱ्याला म्हणाले, "साईं, चहा वाचून झाला असेल तर हे पण वाचा." पण हळूहळू कोणी तरी माणूस पाठवून मागवायला लागलं. नव्याने बदलून आलेला अधिकारी पहिल्या आठवड्यात विचारायला लागला, ते पंचांग कुठे मिळेल म्हणून.

मी अकरावीला उल्हासनगरच्या कॉलेजात गेले तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरायला साहेबच बरोबर होते. पुढे दोन वर्षांनी त्यांनी मला पुस्तिकेची नवी प्रत वाचायला दिली. "तू वाच आणि चूक काढ," म्हणाले. मी म्हटलं, "मी काय चूक काढणार, साहेब?" "अरे, वाडीवर तू राहतेस की मी?" मी आठवडाभर ते कागद दप्तरात घेऊन फिरले. एका पानावर लिहिलं होतं, 'या वाड्यांवरील लोक भोळे व समाधानी असतात.' ते वाचून मला कसंतरी झालं. का, ते सांगता येत नव्हतं. साहेबांनी ते प्रेमाने लिहिलं होतं हेही कळत होतं. शेवटी मी पेन्सिलने त्या ओळीवरून एक फिकट रेघ ओढली, इतकी फिकट की नीट पाहिल्याशिवाय दिसू नये.

साहेबांनी कागद खिडकीपाशी धरला. "हे काय आहे?"

"काही नाही... असंच."

"बोल, बोल."

"आई समाधानी नव्हती, साहेब," मी म्हटलं. "तुम्हाला तिने विचारलं होतं ना, नाही आली तर काय. भोळं माणूस असं विचारेल का?"

साहेबांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मोठ्याने हसले. "और पेन्सिल से मारती है! पेनाने मार. दाबून मार." स्वतःचं पेन उघडून त्यांनी माझ्या हातात दिलं. शाईच्या पेनाने त्यांची ओळ खोडताना मला जे वाटलं ते परीक्षेत पहिलं येऊनही मला कधी वाटलेलं नाही. नव्या प्रतीत त्या जागी छापून आलं, 'येथील लोक प्रश्न विचारतील. उत्तर तयार ठेवूनच जावे.'

साहेब सगळ्यांना आवडायचे असं मात्र नाही. ते हट्टी होते, चिडले की सिंधीत बडबडायचे. एकदा कर्जाचा हप्ता भरायचा असताना वाडीत लग्नाला बँडबाजा आणला म्हणून ते बाबांवर असे ओरडले की बाबा दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. स्वतःच्या घराकडे त्यांचं लक्ष कमी होतं, असं त्यांच्या पत्नीच मला म्हणाल्या. बातमी कळल्यावर मी बँकेतूनच त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी वाडीचं नाव सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "हां, वो पंपवाले. इतवार को घर में बैठते ही नहीं थे तुम लोगों के पीछे." त्यात रागही होता आणि अभिमानही होता. त्यांनी मला पाणी दिलं, खडीसाखर दिली.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा नदीवर होते, वांग्यांना पाणी चालू होतं. इंजिनाच्या आवाजात त्यांना काही ऐकू येईना. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी वाकून इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. बाबा दगडावर बसले. "किती वय असंल रं त्यांचं?" त्यांनी विचारलं, मुलाला विचारावं तसं. मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

आमच्या इंजिनावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे की ते बँकेकडे तारण आहे. नियमच होता तसा. तेव्हा बदलापूरचा पेंटर वाडीपर्यंत यायला तयार होईना, म्हणून साहेबांनी स्वतः डबा आणला आणि उकिडवं बसून ती अक्षरं काढली. आधी वर एक लांब आडवी रेघ ओढली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर लावत गेले. कर्ज फिटलं तेव्हा ते मुद्दाम सांगायला आले, "आता हे पुसून टाका, गोमा. इंजिन तुमचं झालं." बाबा म्हणाले, "राहू द्या. बँकेचं समजून चोर हात नाय लावणार." पण दर वर्षी पाऊस संपला की बाबा तीच अक्षरं पुन्हा पांढऱ्या रंगाने गिरवत आले आहेत. बाबांना वाचता येत नाही. आयुष्यात त्यांनी गिरवलेली अक्षरं तेवढीच.

दोन दिवसांनी बाबांनी रंगाचा डबा काढला. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि या पावसात अर्धी अक्षरं उडून गेली होती. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "तू लिव. शिकलीस ना." मी बसले आणि कॉलेजात लिहिते तसं पहिलं अक्षर काढलं, त्याच्यावर त्याची रेघ दिली, मग दुसरं अक्षर काढायला घेतलं. बाबा मागे उभे राहून बघत होते.

"तसं नको," ते म्हणाले. "साहेब आधी दोरी बांधायचे. मंग अक्षरं टांगायचे."

मी डिझेलच्या फडक्याने पुसून टाकलं, ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि इंजिनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी दोरी बांधली.